ओट्यावरचा मुडा

दिवाळी सरली की कोकणातलं माणूस कुठेही असो, त्याला नव्या भाताचे वेध लागतात. परवा यमूच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, सासरच्या गावाहून नव्या तांदळाचा मुडा आला. पेंढ्यात तांदूळ भरायचे आणि वरून पेंढ्याच्याच दोरीने करकचून आवळायचे, की झाला मुडा. आणणाऱ्याने तो ओट्यावर टेकवला. यमू उचलायला वाकली, तेवढ्यात मी म्हटलं, राहू दे बाहेरच. तांदूळ डब्यात काढून घे, पेंढा घरात नको. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. त्याला आज दोन दिवस झाले. मुडा ओट्यावरच आहे आणि मी येता-जाता त्याच्याकडे पाहून तोंड फिरवते आहे.

नव्या पेंढ्याचा वास चांगला असतो, हे मला कळतं. त्यात ऊन असतं, सारवलेलं खळं असतं, माझं माहेर असतं. पण त्याच वासाच्या मागे मला भिंतीला नुकत्याच फासलेल्या चुन्याचा आणि मोरीत ओतलेल्या औषधाचा वास येतो. तो अठराशे शहाण्णव सालच्या हिवाळ्याचा वास आहे. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत पहिल्यांदा आला तो हिवाळा.

तेव्हा आम्ही लालबागच्या एका चाळीत वरच्या मजल्यावर राहत होतो. वर कौलं, कौलांखाली पोटमाळा, पुढे सगळ्यांना मिळून एक लांब गॅलरी. आमचे हे गिरणीत हजेरी लिहायचे. मी बावीस वर्षांची, यमू दोन वर्षांची. शेजारच्या खोलीत सरूवहिनी. तिचा नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला, यांच्याच गावचा, म्हणून हे तिला वहिनी म्हणत आणि मीही म्हणत असे. माझ्याहून ती दहा वर्षांनी तरी मोठी. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायची. मनात मात्र ती कायम 'ती' होती, आणि अजून आहे.

मला तिचा हेवा वाटायचा. हे आज मी सरळ लिहू शकते, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. तिच्याकडे दागिने नव्हते, रूप बेताचं, मूलबाळ नाही. हेवा करावा असं चारचौघींना काही दिसलं नसतं. पण त्या खोलीत कधी काही कमी पडत नसे. अमक्याकडे मीठ संपलं, तमकीच्या पोरीचा पाय कापला, कुणाच्या चुलीत लाकूड पेटेना, की गॅलरीतून हाक जायची ती सरूवहिनीला. माझं दार मध्ये लागायचं, ते ओलांडून जायची.

तिची रीत साधी होती. भाताला तांदूळ मोजून घेतले की त्यातली एक मूठ ती परत काढायची आणि वेगळ्या मडक्यात टाकायची. रोज, न चुकता. मडकं भरलं की तांदूळ ऊन देऊन, राख चोळून, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा भरायचे, तोंड शेणमातीने लिंपायचं आणि शिंक्यात घालून आढ्याला टांगायचं. तिच्या आढ्याला अशी पाच-सहा शिंकी लोंबत असत. कुळीथ, सुकट, कोकम, सगळं स्वस्ताईच्या दिवसांत घेतलेलं आणि सगळं टांगलेलं. दाराजवळच्या खुंटीला एक बोचकं. त्यात एक जुनं लुगडं, तांब्या, काड्यापेटी, सुंठ, हळद, मीठ, सुईदोरा आणि भाजलेल्या तांदळाचं पीठ. ते पीठ पाण्यात कालवलं तरी पोटाला आधार होतो, चूल नसली तरी चालते. दर अमावास्येला ती ते बोचकं सोडायची, पीठ हुंगून पाहायची आणि पुन्हा बांधून ठेवायची.

हे सगळं कशासाठी, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. तेव्हा तिने हसत सांगितलं की ती सात वर्षांची असताना त्यांच्या घराला आग लागली. आई घरातून धावत बाहेर आली आणि अंगणात उभी राहून हातात बघते तर काय, केरसुणी. घरातलं एवढं एकच वाचलं. त्या पावसाळ्यात त्यांनी लोकांच्या पडवीत दिवस काढले आणि पडवी मात्र रोज झाडून घेतली. बायका हसल्या, तीही हसली. मी हसले नाही. मला वाटलं, हिला असली गोष्टसुद्धा किती छान सांगता येते.

हे जेवायला बसले की एखाद दिवशी सहज म्हणायचे, वहिनींकडचं बघून येत जा जरा. सहजच म्हणायचे, त्यांच्या मनात काही नसे. पण तो घास त्यांच्या तोंडात जायचा आणि माझ्या घशात अडकायचा. बघून येत जा म्हणे. मी रोज बघत होते. भिंतीच्या फळ्यांत एक फट होती, तिच्यातून मला तिची चूल, तिचे हात आणि शिंक्यांची खालची बाजू दिसायची. तिची मूठ मोठी की माझी, हेसुद्धा मी मनाशी ताडून पाहिलं होतं.

मग त्या वर्षी आश्विनात मीही सुरू केलं, पण तिला कळू न देता. विचारलं असतं तर तिने आनंदाने दाखवलं असतं आणि तेच मला नको होतं. तिची एक मूठ तर माझ्या दोन. यांच्या पानातला भात थोडा आटला, माझ्या पानातला बराच आटला. मडकं, शिंकं, लिंपण हे तिचं झालं. ते मी कशाला उचलू? माझ्या माहेरी तांदूळ मुड्यात राहायचे, तर मी मुडा बांधणार होते. तबेल्यातून ताजा पेंढा आणला, दार लावून घेतलं आणि दोन दुपारी खपून मुडा आवळला. बोटं सोलवटली. मुडा वाकडा झाला, पण झाला. तो मी पोटमाळ्यावर पार कोपऱ्यात, कौलांच्या उतरणीखाली ढकलून ठेवला, कारण तिथे कुणाची नजर जाणार नव्हती. पुढे मिळेल ते त्याच्यातच खुपसत गेले.

त्यानंतर काही दिवस मी फार सुखात होते. गॅलरीत ती कुणाला तरी कुळथाचं पीठ द्यायची आणि मी मनात म्हणायची, दे, दे, माझ्याकडे किती आहे ते तुला कुठे ठाऊक आहे. कधीतरी मोठी अडचण येईल, सगळ्या बायका माझ्या दारात उभ्या राहतील आणि ती सगळ्यांच्या मागे असेल, असं चित्र मी रंगवत असे. आता मागे वळून पाहते तेव्हा हसू येतं आणि लाजही वाटते. माणसं संकट टळावं म्हणून साठवतात. मी ते यावं म्हणून साठवत होते.

आणि ते आलं. आधी मांडवीकडे ताप आहे असं ऐकलं, मग अलीकडच्या वस्त्यांची नावं कानावर येऊ लागली. दिवाळीनंतर गिरणीतली माणसं बोटीने गावाला जाऊ लागली. कोपऱ्यावरचा वाणी एका सकाळी दुकानाला कुलूप लावून निघून गेला. यांना रजा नव्हती, तेव्हा आम्ही राहिलो. सरूवहिनीही राहिली. त्या दिवसांत ती दुपारी गॅलरीत बसून बायकांना शिकवायची. पाणी उकळून कसं झाकायचं, तीन दगडांवर ओलं लाकूड कसं धरायचं, एका माणसाला उचलेल एवढंच बोचकं कसं बांधायचं. बायका भोवती गोळा होत. मी दारात बसून तांदूळ निवडायची आणि कान तिकडे ठेवायची.

यमू तर उठून सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसायची. साऱ्या चाळीत माझ्याकडे तिच्याहून जास्त असं एकच होतं, तेही चालत तिच्याकडे गेलं. एकदा यांनी जाता जाता म्हटलं, "वहिनी, आमच्या हिलाही जरा शिकवा." ती म्हणाली, येऊ दे की. मी आत गेले आणि भांडी उगाच दुसऱ्यांदा घासली.

पुढचं लिहिणं अवघड आहे, पण आता सुरुवात केली आहे. एका सकाळी गॅलरीत दोन उंदीर मरून पडलेले सापडले. तिच्या आणि माझ्या दाराच्या बरोबर मध्ये. तोपर्यंत सगळ्यांना एवढं कळलं होतं की उंदीर पडले की मागोमाग ताप येतो. का येतो ते कुणाला माहीत नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून लांब उभ्या होत्या. हे कुठून आले, एवढाच प्रश्न होता.

मी म्हटलं, "साठा कुणाच्या घरात आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

एवढंच. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. पण सगळ्यांची मान एकाच दाराकडे वळली. ज्यांना तिने मीठ दिलं होतं त्यांचीही वळली, भीती अशीच असते. कुणीतरी म्हणालं, फेकून द्या सगळं. मग सगळ्याच म्हणू लागल्या. सरूवहिनी दारात आली, तिने उंदरांकडे पाहिलं, मग वर आपल्या शिंक्यांकडे.

"माझ्या एका तरी मडक्याक दात लागलेलो दाखवा," ती म्हणाली. "मगे मी आपल्या हातान फेकतंय."

दाखवायला कुणी आत गेलं नाही आणि गप्पही कुणी राहिलं नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने स्वतःच एकेक शिंकं उतरवलं. लिंपण फोडताना तिचे हात थांबत होते. प्रत्येक मडकं तिने चाळीमागच्या उकिरड्यावर नेऊन ओतलं, आणि दर खेपेला ती माझ्या दारावरून गेली. एका लहान मडक्याच्या गळ्याला तांबडी चिंधी बांधलेली होती. ते तिने सगळ्यांत शेवटी नेलं आणि ओतण्याआधी ती जरा खाली बसली. मला वाटलं, ह्यात काहीतरी खास असणार, तिचं स्वतःचं असं. मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं. खुंटीवरचं बोचकं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि ते तसंच राहिलं.

माझ्या मुड्याची मला आठवण झाली का? झाली. दुपारी मी शिडी लावली, वर डोकं घातलं, आणि कोपऱ्यात काहीतरी खसखसलं. मी खाली उतरले आणि शिडी बाजूला ठेवून दिली.

चार दिवसांनी आमच्या चाळीत एक माणूस तापाने गेला आणि चाळ रिकामी करण्याचा हुकूम आला. सरकारी माणसं आली. त्यांनी कौलं काढून खोल्यांत ऊन सोडलं, चुन्याच्या बादल्या वर नेल्या. आम्हाला दादरच्या बाजूला माडांजवळ मोकळ्या जागेत चटयांच्या झोपड्या मिळाल्या. काय उचलायचं ते लगेच उचला, म्हणाले. मी तांब्याचा हंडा उचलला, लग्नातली पैठणी उचलली, यांची छत्री उचलली. सरूवहिनीने खुंटीवरचं बोचकं काखेत मारलं आणि यमूला कडेवर घेतलं, कारण माझे हात रिकामे नव्हते.

आम्ही अंगणात होतो तेव्हा वरच्या माणसाने आकड्याने ओढून माझा मुडा खाली टाकला. तो पडला आणि फुटला. तांदळाची नुसती टरफलं, भुसा, आणि पेंढ्याच्या मधोमध उंदराचं घरटं. आतली पिल्लं मेलेली होती. आमच्या खोलीवरूनच तो पडला हे सरूवहिनीने पाहिलं. तिने एकदा मुड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग यमूचं तोंड तिने दुसरीकडे वळवलं आणि ती चालू लागली.

झोपड्यांत तिसऱ्या दिवशी यमूला जुलाब सुरू झाले. गाठ नव्हती, ताप नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. पोटात काही ठरेना आणि द्यायला तरी काय होतं? जवळपासचे वाणी दुकानं टाकून पळालेले, हे शिवडीपर्यंत पायपीट करून हात हलवत परत आले. मी हंड्याला टेकून बसले होते. घासून लख्ख केलेला एवढा मोठा हंडा, आणि त्यात टाकायला एक दाणा नाही. माझी लेक माझ्या डोळ्यांसमोर सुकत चालली होती आणि माझ्या दोन-दोन मुठी उंदरांनी खाल्ल्या होत्या. तिच्या मुठी माझ्या जिभेने खाल्ल्या होत्या.

सरूवहिनी आली, तिने तीन दगड मांडले, पाणी उकळलं. बोचकं सोडून ओंजळभर पीठ काढलं आणि मिठाची पातळ पेज केली. मग यमूला मांडीवर घेऊन ती एकेक शिंपली भरून पाजू लागली. ओकली की थांबायची, पुन्हा एक शिंपली. पीठ संपू नये म्हणून ती स्वतः काय खात होती, ते मी तेव्हा विचारलं नाही. तिच्या नवऱ्याला माडाखाली पडलेलं नारळाचं कोवळं बोंड चावताना मी पाहिलं होतं.

"पीठ जरासाच आसा," बोचक्यात हात घालत ती एकदा म्हणाली. "त्या तांबड्या चिंधीच्या मडक्यातले तांदूळ असते तर बरां झालां असतां. ते यमूचेच होते. तू कधी विचारूक येईनास, म्हणान मीच तिच्या नावाची येक मूठ काढी होतंय."

ती टोमणा मारत नव्हती. पीठ किती दिवस पुरेल याचा ती हिशेब करत होती, एवढंच. टोमणा मारला असता तर मला भांडता आलं असतं.

दोन दिवस हे असं चाललं. तिसऱ्या सकाळी यमूने डोळे उघडले आणि स्पष्ट आवाजात हाक मारली, "काकी." मी तिच्या उशाशी बसले होते. माझी लेक वाचली होती, आणि तिने पहिली हाक दुसरीला मारली म्हणून माझ्या काळजात कळ उठली. त्या घटकेलाही मला हेवा वाटला. माणूस इतकं हलकं असू शकतं हे मला माझ्यावरूनच कळलं.

मग पेजेचं भांडं विसळता विसळता, माझ्याकडे न पाहता, सरूवहिनी हळूच म्हणाली, "पेंढो चुलीच्या धुरावर ठेवतत गो. धूर लागलो की उंदीर येणत नाय. माका विचारलां असतंस, तर सांगितलां असतां."

तिच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं, ते ठेवलं नाही. मुडा माझ्या माहेरी चुलीवरच्या माळ्यावर असायचा, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. रोजचा धूर त्याला लागायचा, पेंढा काळा पडायचा, म्हणून तो टिकायचा. लपवण्याच्या नादात मी तेवढंच नेमकं विसरले होते.

चाळ पुन्हा उघडली. त्या बायकांनी, ज्यांनी तिला मडकी ओतायला लावली होती, त्यांनीच तिला नवी मडकी आणून दिली, आणि तिने ती घेतली. ती कुणावर रुसली नाही. मला मात्र तिचं ते न रुसणंसुद्धा सोसत नसे. पुढची कितीतरी वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो. ती फट मी चिंध्या कोंबून बुजवून टाकली. यमू तिच्याकडे शिकली. मूठ काढायला, राख चोळायला, लिंपायला, बोचकं बांधायला. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि ऐकून ऐकून मलाही ते सगळं आलं. सरूवहिनी जाऊनही आता वर्षं झाली. यमूच्या घरात आजही दाराजवळच्या खुंटीला बोचकं असतं. कुणी विचारलं तर ती म्हणते, हे मला सरूकाकीने शिकवलं. आईने शिकवलं असं ती म्हणत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आज सकाळी एवढं लिहून झालं. दुपारी यमू ओट्यावर बसून मुड्याच्या दोऱ्या चाचपत होती. पेंढा इतका का नको, असं तिने शेवटी विचारलं. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. पोटमाळा, दोन उंदीर, माझं ते एक वाक्य, तांबडी चिंधी, सगळं. जे कुणालाच सांगितलं नव्हतं, यांनाही नाही, ते माझ्या वाळलेल्या तोंडाने लेकीला सांगितलं आणि ती आता काय म्हणेल याची वाट पाहत बसले.

यमू म्हणाली, "मला माहीत होतं, आई. माझं लग्न ठरलं तेव्हा काकीने सांगितलं होतं. म्हणाली, आई तुला कधीतरी सांगेल. सांगेल तेव्हा तिच्यावर चिडू नकोस, ती तेव्हा फार लहान होती."

एवढी वर्षं मी हे उराशी धरून बसले होते, आणि त्या बाईने त्याचीसुद्धा आधीच तजवीज करून ठेवली होती. मला तिचा पुन्हा हेवा वाटला, पहिल्या दिवसाइतकाच. फक्त ह्या वेळी मला रडूही आलं.

यमू उठून आत निघाली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, तो मुडा आत घे, चुलीच्या वरच्या फळीवर ठेव. मग आम्ही दोघींनी मिळून तो उचलला.